मद्यपान, मज्जातंतू आणि स्नायू

मद्यपानाचे दुष्परिणाम म्हटले म्हणजे सामान्यतः यकृताचे विकार डोळ्यांपुढे येतात. कावीळ, जलोदर, रक्ताची उलटी ही लक्षणे भयंकर असल्यामुळे ती सर्वांच्या परिचयाची झाली आहेत. परंतु दीर्घकाळ केलेल्या अतिरिक्त मद्यपानाने शरीरातील आणखी दोन संस्था हळूहळू खिळखिळ्या होत असतात. त्या म्हणजे मज्जातंतू आणि स्नायू. या हानीची वाटचाल इतकी मंद आणि मूक असते की, पायांना मुंग्या येऊ लागल्या किंवा उठताना मांड्यांत बळ राहिनासे झाले, तरी रोगी त्याचे खापर थंडीवर, वातावर किंवा वाढत्या वयावर फोडतो.

या संबंधात एक समजूत समाजात फार रूढ आहे. जो मनुष्य पोटभर खातो आणि चांगले खातो, त्याला दारू बाधत नाही, असे पिणारे लोक नेहमी म्हणतात. ही समजूत केवळ खुळी म्हणून झटकून टाकता येत नाही. तिच्यात सत्याचा काही अंश आहे. इतकेच नव्हे तर एके काळी पुष्कळ नामांकित वैद्यांचे मतही जवळजवळ असेच होते. तो अंश कोणता आणि ही समजूत नेमकी कोठे फसते, याचा उलगडा होण्यास दीडशे वर्षांहून अधिक काळ लागला.

सर्वांत लांब तंतू सर्वांत आधी

मज्जातंतूंची रचना ध्यानात घेतली म्हणजे या विकाराचा आरंभ पायांपासूनच का होतो, हे सहज समजते. पायाच्या अंगठ्यापर्यंत पोहोचणाऱ्या मज्जातंतूची मूळ पेशी अंगठ्यात नसते; ती कमरेच्या भागात, पाठीच्या कण्याच्या आश्रयाने असते. ही पेशी एक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान असते, पण तिच्यापासून निघालेला तंतू प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे एक मीटर लांबीचा असतो. तंतूच्या डागडुजीला लागणारी बहुतेक प्रथिने मूळ पेशीतच तयार होतात आणि तेथून ती तंतूच्या आतील मार्गाने टोकापर्यंत वाहून न्यावी लागतात. यांतील काही पदार्थांची गती दिवसाला केवळ एक ते काही मिलिमीटर इतकीच असते.

एखाद्या लांब कालव्याच्या उगमापाशी पाणी कमी झाले किंवा वाटेत गाळ साचला, तर पहिले कोरडे पडते ते शेवटचे शेत. मज्जातंतूंचेही तसेच होते. पेशीची शक्ती कमी झाली किंवा वाहतुकीत बिघाड झाला, तर सर्वांत लांब तंतूंची टोके प्रथम सुकतात. म्हणूनच दोन्ही पायांच्या बोटांत एकाच वेळी विकाराला आरंभ होतो, तो घोट्यापर्यंत आणि मग पोटरीपर्यंत चढतो. पायांचा विकार साधारणपणे गुडघ्यांपाशी आला की हातांच्या बोटांना मुंग्या येऊ लागतात. कारण मोज्यांची लांबी ओलांडल्यावरच हातमोज्यांची पाळी येते.

रोग्याच्या तक्रारी ठराविक असतात. तळव्यांची आग होते. रात्री अंथरुणात पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नाही. जमिनीवर चालताना कापसावरून चालल्यासारखे वाटते. पुढे चप्पल पायातून निसटते आणि ती निसटल्याचे रोग्याला कळतही नाही. डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो. कारण पाय कोठे व कसे टेकले आहेत याची वार्ता मेंदूला पोहोचत नाही आणि ती उणीव तोपर्यंत डोळे भरून काढीत असतात. वैद्य टाचेच्या वरच्या शिरेवर रबरी हातोडी मारून पाहतो, तेव्हा पाऊल नेहमीसारखे उडत नाही. घोट्यावर टेकवलेल्या कंपायमान नादकाट्याचे स्पंदन रोग्याला जाणवत नाही.

वेदना नाहीशी झाली म्हणजे रोगी कधी कधी समाधान मानतो. वस्तुतः तीच अधिक धोक्याची अवस्था होय. बधिर पायाला काटा रुतला, चटका बसला किंवा चपलेने घाव झाला, तरी कळत नाही. जखम चिघळते आणि हाडापर्यंत जाऊ शकते.

विष की उपासमार?

मद्यपींच्या पायांतील वेदनांचे व लुळेपणाचे सविस्तर वर्णन बोस्टन येथील वैद्य जेम्स जॅक्सन यांनी १८२२ साली प्रसिद्ध केले. १८४९ साली स्वीडनमधील माग्नुस हुस यांनी दीर्घकालीन मद्यपानातून होणाऱ्या विकारांना एका रोगाचे स्वरूप देऊन त्यांत कंप, मुंग्या आणि अशक्तपणा यांचा समावेश केला. मद्य हे मज्जातंतूंचे विष आहे, हे मत त्या काळी निर्विवाद वाटत होते.

परंतु काही नोंदी या मताशी जुळेनात. १८८१ साली जर्मन मेंदूतज्ज्ञ कार्ल वेर्निके यांनी तीन रोग्यांचे वर्णन केले. त्यांची दृष्टी स्थिर राहत नव्हती, चाल लटपटत होती आणि मन गोंधळलेले होते. त्यांपैकी दोघे मद्यपी पुरुष होते. तिसरी एक तरुण शिवणकाम करणारी स्त्री होती. तिने गंधकाम्ल प्राशन केले होते आणि त्यानंतर उलट्यांमुळे तिच्या पोटात अन्न ठरत नव्हते. मद्याशी संबंध नसताना तिला तोच विकार का व्हावा, हे कोडे होते. १८८७ पासून मॉस्कोचे सेर्गेई कोर्साकोव्ह यांनी मज्जातंतूंच्या विकाराबरोबर स्मरणशक्ती नष्ट झालेले रोगी वर्णन केले. त्यांतही सारेच मद्यपी नव्हते.

या कोड्याचे उत्तर वैद्यांना अनपेक्षित ठिकाणी, जावा बेटावरील कोंबड्यांच्या खुराड्यात सापडले. तेथे बेरीबेरी नावाच्या रोगाने हजारो लोकांचे पाय लुळे पडत असत. डच वैद्य क्रिस्तियान आइकमान हे बटाविया येथे, म्हणजे आजच्या जकार्तात, त्या रोगाचे जंतू शोधीत होते. १८९० च्या सुमारास त्यांच्या कोंबड्यांचे पाय अचानक लुळे पडले आणि काही महिन्यांनी तितक्याच अचानकपणे बरे झाले. चौकशी करता असे आढळले की, मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयाच्या मुदपाकखान्यातील सडीक तांदळाचा भात घालण्यात येत होता. नव्या आचाऱ्याने लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना देण्याचे नाकारले आणि साधा, न सडलेला तांदूळ सुरू होताच कोंबड्या बऱ्या झाल्या.

भातात विष असावे आणि कोंड्यात त्याचा उतारा असावा, असे आइकमान यांना प्रथम वाटले. त्यांचे उत्तराधिकारी खेरित ग्राइन्स यांनी १९०१ साली वेगळा अर्थ लावला. त्यांच्या मते भातात विष नव्हते. मज्जातंतूंना आवश्यक असे काहीतरी त्यात नव्हते. हे 'काहीतरी' म्हणजेच पुढे ब-१ जीवनसत्त्व किंवा थायामीन म्हणून ओळखले गेलेले द्रव्य होय. १९२६ साली यान्सेन आणि डोनाथ यांनी जावातच कोंड्यातून त्याचे स्फटिक मिळविले. १९३६ साली अमेरिकन रसायनज्ञ रॉबर्ट विल्यम्स यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले. विल्यम्स यांचा जन्म भारतातील नेल्लोर येथे १८८६ साली एका मिशनरी कुटुंबात झाला होता. दक्षिण भारतात, गोव्यात आणि कोकणात खाल्ला जाणारा उकडा तांदूळ सडीक तांदळापेक्षा हितकर का, याचे उत्तरही येथेच मिळते: साळी उकडताना कोंड्यातील थायामीन दाण्याच्या आत शिरते आणि पुढे सडले तरी पुष्कळसे शिल्लक राहते.

बेरीबेरी झालेल्याचे पाय आणि मद्यपीचे पाय यांतील साम्य वैद्यांच्या लक्षात येण्यास मग वेळ लागला नाही. १९३५ साली बोस्टनच्या मॉरिस स्ट्रॉस यांनी एक धाडसी प्रयोग केला. मज्जातंतूंचा विकार झालेल्या दहा मद्यपींना त्यांनी रोजची व्हिस्की चालू ठेवू दिली. मात्र तिच्याबरोबर पौष्टिक आहार आणि यीस्टसारखे ब-जीवनसत्त्वयुक्त पदार्थ दिले. मद्य चालू असूनही रोग्यांच्या प्रकृतीत सुधारणा दिसली. तेव्हापासून कित्येक दशके, मद्य स्वतः मज्जातंतूंना मारीत नाही, ते केवळ माणसाला उपाशी ठेवते, हे मत ग्रंथांत स्थिरावले.

भरल्या पोटीची उपासमार

या मतातील सत्यांश मोठा आहे. एक ग्रॅम मद्यार्कापासून सुमारे ७ उष्मांक मिळतात. व्हिस्की, रम यांसारख्या मद्याच्या ३० मिलिलिटर मापात सुमारे १० ग्रॅम मद्यार्क असतो. म्हणजे १८० मिलिलिटरच्या बाटलीतून ६० ग्रॅम मद्यार्क आणि सुमारे ४२० उष्मांक शरीराला मिळतात. हे दोन-अडीच भाकऱ्यांइतके झाले. परंतु भाकरीबरोबर प्रथिने, क्षार आणि जीवनसत्त्वे येतात. मद्याबरोबर यांपैकी जवळजवळ काहीच येत नाही. भूक मात्र मरते.

शिवाय खाल्लेले अन्नही पुरतेपणी कामी येत नाही. मद्यामुळे आतड्यातून थायामीन शोषले जाण्यास अडथळा येतो. बिघडलेले यकृत त्याचा साठा नीट करू शकत नाही. थायामीनला कार्यक्षम स्वरूप मिळण्यासाठी मॅग्नेशियमची गरज असते आणि मद्यपीच्या लघवीवाटे मॅग्नेशियमही वाहून जाते. प्रौढ माणसाच्या शरीरात थायामीनचा एकूण साठा अवघा ३० मिलिग्रॅमच्या आसपास असतो. तो काही आठवड्यांत संपू शकतो.

थायामीन संपले म्हणजे काय होते, हे ऑक्सफर्ड येथील रुडॉल्फ पीटर्स यांनी १९३० नंतरच्या दशकात कबुतरांवरील प्रयोगांनी दाखविले. साखरेपासून शक्ती निर्माण होण्याच्या क्रियेत पायरुव्हिक अम्ल ही एक मधली पायरी आहे. थायामीनवाचून ही पायरी ओलांडता येत नाही. अम्ल साचते, शक्ती निर्माण होत नाही आणि साखरेवर मुख्यतः अवलंबून असलेल्या मज्जापेशी इंधन भोवती असूनही क्षीण होतात. म्हणूनच अशा रोग्याला रुग्णालयात शिरेवाटे साखरेचे पाणी देण्यापूर्वी किंवा निदान त्याबरोबर थायामीन टोचण्याची दक्षता घेतली जाते. तसे न केल्यास उरलासुरला साठा साखरेच्या ज्वलनात खर्च होऊन मेंदूला अकस्मात इजा होण्याची भीती असते.

समजूत फसते ती येथे

तथापि उपासमारीच्या या सिद्धांताने सर्व गोष्टींचा उलगडा होईना. व्यवस्थित जेवणाऱ्या, वजन न घटलेल्या मद्यपींतही मज्जातंतूंचा विकार आढळत राहिला. १९७७ साली कोपनहेगन येथील बेहसे आणि बुख्ताल यांनी अशा रोग्यांची तपासणी करून दाखविले की, आहारातील न्यूनता नसतानाही हा विकार होतो. पुढे जपानमध्ये नागोया येथील संशोधकांनी २००१ आणि २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत दोन्ही विकार एकमेकांपासून स्पष्टपणे वेगळे केले. थायामीनच्या अभावाने होणारा विकार झपाट्याने वाढतो. त्यात जाड तंतू विशेषेकरून नष्ट होतात आणि अशक्तपणा लवकर येतो. थायामीन पुरेसे असलेल्या मद्यपीचा विकार मात्र संथपणे, वर्षानुवर्षे वाढतो. त्यात बारीक तंतू आधी झडतात आणि आग व वेदना हीच मुख्य लक्षणे असतात. प्रत्यक्षात पुष्कळ रोग्यांत हे दोन्ही विकार एकत्र नांदतात.

मद्यार्काचे यकृतात प्रथम ॲसिटाल्डिहाइड या द्रव्यात रूपांतर होते. ते अतिशय क्रियाशील असून पेशींतील प्रथिनांना चिकटते व त्यांचे काम बिघडविते. मज्जातंतूंच्या लांबलचक वाहतूकमार्गाला अशी बाधा होण्याचा धोका अधिक असतो, असे मानले जाते.

अशा रीतीने विष की उपासमार या प्रश्नाचे उत्तर 'दोन्ही' असे मिळाले. चांगले खाणारा मद्यपी एका संकटातून बऱ्याच अंशी वाचतो, हे खरे. पण दुसरे संकट त्याच्या ताटात काय वाढले आहे हे पाहत नाही. जीवनसत्त्वाची गोळी घेऊन मद्यपान चालू ठेवणाऱ्याचीही हीच गत आहे.

स्नायूंचा हिशेब

स्नायूंच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच स्पष्ट आहे. मद्याचा स्नायूंवर दोन प्रकारे आघात होतो. पहिला प्रकार आकस्मिक असतो. सतत काही दिवस बेसुमार मद्यपान केल्यावर एखाद्या रोग्याचे स्नायू एकाएकी सुजतात, अतिशय दुखतात आणि लघवी गडद, चहाच्या काढ्यासारखी होते. फुटलेल्या स्नायूपेशींतील मायोग्लोबिन हे रंगद्रव्य मूत्रपिंडात उतरल्याची ती खूण असते. मूत्रपिंडे बंद पडण्याचा धोका असल्यामुळे अशा वेळी रुग्णालय गाठण्यास क्षणाचाही विलंब करू नये.

दुसरा प्रकार हळूहळू वाढणारा आणि अधिक आढळणारा आहे. दीर्घकाळ अतिरिक्त मद्यपान करणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांत तो कमीअधिक प्रमाणात असतो. यात वेदना फारशी नसते. स्नायूंमध्ये झटपट व जोरकस आकुंचन पावणारे तंतू आणि संथ पण चिवट तंतू असे दोन प्रकार असतात; त्यांपैकी पहिले रोडावतात, कारण मद्यामुळे नवी प्रथिने तयार होण्याचा वेग मंदावतो. मज्जातंतूंचा विकार बोटांपासून सुरू होतो, तर हा विकार खांदे व कंबर यांच्याजवळच्या मोठ्या स्नायूंत प्रकट होतो. पाटावरून उठताना जमिनीला हात टेकावा लागतो, जिना चढताना कठडा धरावा लागतो, डोक्यावर ओझे चढविताना खांदे साथ देत नाहीत. शेतात, गोदीत किंवा बांधकामावर राबणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हे केवळ दुखणे नसून रोजगारावरचे संकट असते.

१९८९ साली बार्सिलोना येथील उर्बानो-मार्केस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५० मद्यपी पुरुषांच्या स्नायूंची शक्ती मोजली आणि स्नायूंचे लहान तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. हे रोगी कुपोषित नव्हते. आयुष्यभरात पोटात गेलेला एकूण मद्यार्क जितका अधिक, तितकी स्नायूंची शक्ती कमी, असे त्यांना आढळले. हृदय हाही स्नायूच असल्यामुळे त्याच्या बाबतीतही हाच नियम दिसून आला. याच संशोधकांनी १९९५ साली दाखविले की, स्त्रियांच्या स्नायूंना पुरुषांहून कमी मद्याने तितकीच इजा होते.

आयुष्यभराच्या बेरजेचा अर्थ एका साध्या गणिताने स्पष्ट होईल. रोज १८० मिलिलिटर व्हिस्की घेणाऱ्याच्या पोटात रोज ६० ग्रॅम मद्यार्क जातो. वर्षाला तो सुमारे २२ किलोग्रॅम आणि वीस वर्षांत सुमारे ४४० किलोग्रॅम होतो. साठ किलोग्रॅम वजनाच्या मनुष्याने स्वतःच्या वजनाच्या सातपटीहून अधिक शुद्ध मद्यार्क पचविलेला असतो. असा मनुष्य कदाचित एकदाही रस्त्यावर झिंगून पडलेला नसेल. परंतु स्नायू माणसाच्या वर्तनाचा हिशेब ठेवीत नाहीत. ते ठेवतात एकूण बेरजेचा.

निदानातील दक्षता

मद्यपीचे पाय बधिर झाले म्हणजे कारण मद्यच, असे गृहीत धरणे मात्र घातक ठरते. १९०० साली मँचेस्टर परिसरात बिअर पिणाऱ्या हजारो लोकांना मज्जातंतूंचा विकार जडला आणि सत्तरांच्या आसपास लोक दगावले. प्रारंभी तो मद्याचाच परिणाम मानला गेला. परंतु अधिक तीव्र मद्य पिणारे लोक त्यातून सुटले होते, हे अर्नेस्ट रेनॉल्ड्स या वैद्याच्या ध्यानात आले. त्यांनी बिअरची परीक्षा केली, तेव्हा तिच्यात सोमल सापडला. बिअर बनविण्याच्या साखरेतून तो आला होता.

भारतात ही दक्षता विशेष आवश्यक आहे. मधुमेह, कुष्ठरोग आणि ब-१२ जीवनसत्त्वाची न्यूनता यांनीही पाय बधिर होतात. क्षयरोगावरील आयसोनियाझिड या औषधानेही मज्जातंतूंना इजा होऊ शकते. मद्यपींत हा धोका अधिक असल्यामुळे त्या औषधाबरोबर ब-६ जीवनसत्त्व देतात. भेसळीच्या दारूतील मिथिल मद्यार्काने दृष्टीचा मज्जातंतू काही तासांत वा दिवसांत नष्ट होतो. ती निराळी आणि तातडीची विषबाधा आहे.

जे परत मिळू शकते

या विकारांवर नष्ट तंतू तत्काळ पुन्हा उभे करील असे औषध नाही. परंतु शरीराच्या अंगी दुरुस्तीची शक्ती आहे. मद्य पूर्णपणे बंद केल्यास आणि आहार सुधारल्यास स्नायूंचे बळ पुष्कळ रोग्यांत सहा महिने ते एक वर्ष या अवधीत बरेचसे परत येते. मज्जातंतूंची वाढ मात्र दिवसाला सुमारे एक मिलिमीटर इतक्याच गतीने होते. त्यामुळे पावलांची सुधारणा होण्यास कित्येक महिने, कधी वर्षे लागतात, आणि मूळ पेशीच मेली असेल तर ती हानी कायमची राहते. तोपर्यंत थायामीन व इतर जीवनसत्त्वे, वेदनाशामक औषधे, स्नायूंचे व्यायाम आणि पायांची रोजची तपासणी यांचा उपयोग होतो. अनवाणी न चालणे हा साधा नियमही पाय वाचवितो.

एक गोष्ट येथे आवर्जून सांगितली पाहिजे. दीर्घकाळ रोज पुष्कळ पिणाऱ्याने वैद्यकीय मदतीवाचून एकाएकी मद्य तोडल्यास झटके, भ्रम आणि क्वचित मृत्यूही ओढवू शकतो. म्हणून मद्यमुक्ती वैद्याच्या देखरेखीखाली व्हावी आणि कुटुंबीयांनी तिच्याकडे शिक्षा म्हणून न पाहता उपचार म्हणून पाहावे.

भारत सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करीत होते आणि त्यांपैकी ५.७ कोटींहून अधिक लोकांचे मद्यपान हानिकारक किंवा व्यसनाधीन स्वरूपाचे होते. त्यांपैकी अनेकांच्या पायांना आज मुंग्या येत असतील आणि ते थंडीला दोष देत असतील. याच अवस्थेत मद्य सुटले तर तंतूंची मूळ पेशी बहुधा जिवंत असते आणि गमावलेले पुष्कळसे परत मिळविता येते. चप्पल निसटल्याचे कळेनासे झाल्यावर उपचारास आलेल्या रोग्याला तितके मिळत नाही.